गंगीचा पान्हा आणि तेराचा पाढा

आमच्या काटेवाडीत लोक गाईपुढं पेंड ठेवून धार काढतात. शेजारचे तात्या पाढे म्हणून काढतात. "बे एके बे म्हटल्याबिगर आमची गंगी पान्हा सोडत न्हाय," असं ते आल्यागेल्याला छातीठोक सांगायचे. मी एकदा विचारलं, "तात्या, गाय काय चौथीत हाय व्हय?"

"तुझ्यापरीस हुशार हाय," म्हणाले. घ्या! विचारायला गेले मीच.

त्यांची नात स्वरा पाढ्यांना भारी भ्यायची. वही काढली की पोटात दुखायलाच लागायचं. तात्या रागावले न्हाईत. तिला गोठ्यात नेऊन बादलीपाशी बसवलं. हात चालले, पाढा चालला. 'सात आठे' आलं की तात्यांचे हात थांबायचे.

"गंगी ऐकतीया बरं का! तटलीय बघ. बोल लवकर!"

"छप्पन्न!" पोरगी ओरडायची, आणि धार पुन्हा सुरू.

पोरीचे पाढे झाले खडखडीत. पण शाळेत बाई म्हणाल्या, "म्हण सातचा," तर ही उभी राहून दोन्ही मुठी खालीवर करत धार काढायलाच लागली! अख्खा वर्ग हसला. स्वराचे वडील तात्यांवर चिडले. तात्यांनी एवढंच विचारलं, "पाढा चुकला का? न्हाय न्हवं?"

पुढं तात्यांच्या मुलाला नाशिकला नोकरी लागली, पोरगीही आईबापासंगं तिकडं गेली. तात्या एकटेच राहिले. त्यात गंगी गाभण, दूध कधीच आटलेलं. तात्यांच्या चहाला दूध आता आमच्याकडूनच जातं.

परवा संध्याकाळी तेच द्यायला गेले, तर गोठ्यातून तात्यांचा आवाज. मोबाईल गव्हाणीवर ठेवलेला.

"गंगी पान्हाच सोडंना गं. तुझ्याबिगर ऐकतच न्हाय ही. तेराचा म्हण की जरा."

फोनमधून स्वराचा पाढा सुरू झाला. "तेरा सत्ते..." म्हणून ती अडली.

"गंगी ऐकतीया बरं का!"

"एक्याण्णव!" आणि मग थेट एकशे तीसपर्यंत न थांबता. "तात्या, निघालं दूध?"

"निघालं की! बादली भरली बघ," तात्या म्हणाले. ते त्याच बादलीवर बसले होते, पालथ्या घातलेल्या. "उद्या चौदाचा म्हणशील न्हवं?"

माझ्या हातातला दुधाचा तांब्या दिसताच त्यांनी घाईनं ओठावर बोट ठेवलं. एरवी तोंडाळ मी, पण तांब्या गुपचूप उंबऱ्याशी ठेवला आणि परत फिरले.

मागून पोरीचा आवाज आला, "व्हय तात्या, पण गंगीला सांगा, चौदाचा मला अजून येत न्हाय."

"येत न्हाय?" तात्या केवढे खुश झाले! "मग रोज म्हणावा लागंल की!"