शाल, श्रीफळ आणि विरोधी पक्षनेता

प्रा. दिगंबर वायकोळे निवृत्त झाले तेव्हा कॉलेजतर्फे त्यांना शाल, श्रीफळ आणि एक विरोधी पक्षनेता देण्यात आला. शाल आणि श्रीफळ त्यांनी स्टेजवरच घेतलं. विरोधी पक्षनेत्यांना मात्र समारंभ संपल्यावर मी रिक्षात बसवलं, सरांच्या घरी पोचवलं आणि सरांची पोचपावतीवर सही घेतली.

मी कॉलेजचा कार्यालय अधीक्षक. मला सगळे अण्णा म्हणतात. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि जे पाहिलं नाही त्याचे कागद माझ्या कपाटात आहेत. तेव्हा कोणी मध्येच ‘असं कसं?’ म्हणू नये. मला ते आवडत नाही.

पूर्वी आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायचे. एकेका घरात पाच-पाच घड्याळं झाली आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळेना. मग समिती बसली. समितीचं म्हणणं असं पडलं, की जो माणूस पस्तीस वर्षं वर्गात बोलला आणि ज्याला मध्ये कोणी अडवलं नाही, त्याला घरी अडवणारा कोणीतरी लागतो, नाहीतर तो बिघडतो. समितीचे अध्यक्ष वायकोळे सरच होते. राज्यशास्त्राचे विभागप्रमुख, दुसरं कोण असणार? सतरा नियम त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. त्यातला नववा त्यांचा फार लाडका. अविश्वास ठराव संमत झाला तर पायउतार झालेल्या गृहप्रमुखाने दुसऱ्याच्या घरी विरोधी पक्षनेता म्हणून रुजू व्हावं, कारण स्वतःच्या घरी बसून तो नुसती कुरकुर करतो. हा नियम वाचून दाखवताना सर पोट धरून हसले होते. इतिवृत्तात तशी नोंद आहे.

सरांच्या वाट्याला आलेले विरोधी पक्षनेते म्हणजे वामनराव सोनटक्के. आमच्याच संस्थेच्या शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात गणित शिकवायचे. चार वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात खिडकी पाडावी की पाडू नये या प्रश्नावर त्यांचं स्वतःचं सरकार पडलं आणि तेव्हापासून ते या कामात होते. माणूस मऊ, जेवायला काहीही चालतं, पण सकाळी दहा वाजले की विरोध करणार म्हणजे करणार. नियम चारप्रमाणे त्यांना चपलांच्या स्टँडशेजारी खुर्ची देण्यात आली. कामाची वेळ दहा ते पाच.

पहिला आठवडा झकास गेला. सर म्हणाले आज शेवभाजी, तर सोनटक्क्यांनी वांग्याच्या भरिताची मागणी केली. सर म्हणाले भिंतींना पिस्ता रंग द्यायचा, तर सोनटक्क्यांनी जुन्या रंगाची बाजू लावून धरली आणि मग सभात्याग करून दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. चहाची कपबशी वाजली तेव्हा परत आले. सर गावभर सांगत हिंडायचे, की माझ्या घरात निकोप लोकशाही आहे, या एकदा बघायला. रंग पिस्ताच लागला, शेवभाजीच झाली, हे ते सांगत नसत.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी पुढच्या खोलीचा विषय काढला.

आता पुढच्या खोलीत काय होतं ते सांगितलं पाहिजे. सरांच्या पत्नी, मंदावहिनी, तिथे एकोणीस वर्षं शिवणक्लास चालवत होत्या. चार मशीन, एक कटिंगचं टेबल, आणि आजूबाजूच्या गावांतून सकाळच्या एसटीने येणाऱ्या पंधरा-सोळा मुली. गावातली निम्मी ब्लाउजं त्या खोलीतून बाहेर पडलेली. माझ्या मुलीच्या लग्नातली सगळी तिथलीच, आणि एकही उसवलं नाही. सरांना लोकशाहीवर मोठा ग्रंथ लिहायचा होता. त्यासाठी शांत, उजेडाची जागा हवी. म्हणून त्यांनी जाहीर केलं, की एक तारखेपासून क्लास बंद, मशीन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि पुढची खोली अभ्यासिका.

सोनटक्के खुर्चीतून उठले. त्यांनी एवढंच विचारलं, “वहिनींना विचारलं का?”

सर हसले. हिचा पाठिंबा गृहीत आहे, म्हणाले. त्या वेळी वहिनी आत पोळ्या लाटत होत्या. लाटण्याचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. हे मला सोनटक्क्यांनी त्यांच्या साप्ताहिक अहवालात कळवलं. तो कागद आहे.

पुढे आठ दिवस सोनटक्क्यांनी रोज सकाळी तोच प्रश्न विचारला. भरित नाही, रंग नाही, सभात्याग नाही. वहिनींना विचारलं का? सर आधी चिडले, मग त्यांनी प्रश्नोत्तराचा तास अर्ध्या तासावर आणला, मग हा सभागृहाच्या वेळेचा अपव्यय आहे असं म्हणाले. अहो, पण या सगळ्याला लागला त्याहून कमी वेळ आत जाऊन विचारायला लागला असता! तेवढं काही त्यांनी केलं नाही. नवव्या दिवशी सोनटक्क्यांनी अविश्वास ठरावाची लेखी सूचना दिली.

अशा वेळी नियम बाराप्रमाणे पीठासीन अधिकारी कॉलेजचा लागतो. शनिवारी अकरा वाजता मी घंटा आणि हजेरीपट घेऊन गेलो. सभासद तीन: सर, वहिनी आणि सोनटक्के. बैठक पुढच्या खोलीतच ठेवली, कारण खुर्च्या तिथे होत्या. शनिवारची सुटी असल्याने मुली नव्हत्या. वहिनी मात्र मशीनपाशीच बसल्या होत्या. कुणाचं तरी लग्न तोंडावर आलं होतं. मांडीवर मोरपंखी कापड आणि ओठांत टाचण्या धरलेल्या.

सर निर्धास्त होते. दोन विरुद्ध एक, अण्णा, उगाच आलात, असं मला दारातच म्हणाले. मी घंटा वाजवली, ठराव वाचला आणि सरकारवर विश्वास असणाऱ्यांनी हात वर करावा असं सांगितलं.

सरांनी दोन्ही हात वर केले.

मला आधी वाटलं, जांभई देताहेत. पण हात वरच राहिले. मी म्हटलं, सर, हे दोन झाले. ते म्हणाले, “एक माझा, एक हिचा. हिचं मत नेहमी मीच देतो.”

ते खरंच होतं. हाउसिंग सोसायटीच्या सभेत, वाचनालयाच्या निवडणुकीत, नळाच्या बैठकीत, सर सगळीकडे दोन हात वर करायचे आणि कोणी काही म्हणायचं नाही. मीही कधी म्हटलं नव्हतं. पण या वेळी घंटा माझ्या हातात होती. मी नियम पाच काढला आणि वाचला. एका व्यक्तीचा एकच हात मोजला जाईल. अक्षर सरांचंच होतं. सरांनी डावा हात हळूहळू खाली घेतला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी बघितलं.

मग मी विरोधात असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. सोनटक्क्यांचा हात आधीच वर होता. वहिनींनी ओठांतली एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचली. सहा टाचण्या होत्या. कापडाची घडी घातली, मशीनवर ठेवली, आणि हात वर केला.

सर म्हणाले, “मंदा, कळतंय ना, हा हात कशाचा आहे ते?”

“कळतंय,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्यावर माझा राग नाही. ग्रंथ लिहा, मोठा लिहा. पण मशीन इथून हलणार नाहीत. आणि हे मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सांगतेय, कारण आधी मला कुणी विचारलंच नव्हतं.”

बोलून झालं तरी त्यांचा हात वरच होता. मी दोन विरुद्ध एक अशी नोंद केली. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं, पण पीठासीन अधिकाऱ्याला तसं दाखवता येत नाही, म्हणून मी चष्मा पुसला.

सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. चेहरा एवढासा झालेला. म्हणाले, अण्णा, ही माझ्या विरोधात गेली हो. मी म्हटलं, सर, प्रत्येकाचं मत ज्याचं त्याचं, हे तुम्हीच पस्तीस वर्षं शिकवलंत. त्यावर ते बराच वेळ फाटकाची कडी खालीवर करत राहिले.

“वर्गात शिकवलं होतं, अण्णा,” ते म्हणाले.

रविवारी मंदावहिनी गृहप्रमुख झाल्या. पहिल्याच आदेशाने त्यांनी कटिंगचं टेबल संध्याकाळी पाचनंतर सरांना लिहायला दिलं. सोनटक्के तिथेच राहिले, कारण नियमाप्रमाणे विरोधी पक्षनेता घराला दिलेला असतो, माणसाला नाही. सोमवारी सकाळी दहाला त्यांनी वहिनींच्या आमटीत मीठ जास्त असल्याचा मुद्दा मांडला. वहिनींनी आमटी चाखली, चूक मान्य केली आणि पाणी घातलं. सोनटक्क्यांना असा अनुभव नव्हता. ते थोडे गोंधळले आणि उगाचच सभात्याग करून आले.

राहता राहिले सर. नियम नऊ. मी स्वतः आदेश टाइप केला. सरांनी तो दोनदा वाचला आणि त्यात एक शुद्धलेखनाची चूक काढली, यावरून मी ओळखलं की माणूस सावरतोय.

महिनाअखेरीला भूगोलाचे प्रा. फालक निवृत्त झाले. त्यांना शाल, श्रीफळ आणि वायकोळे सर देण्यात आले. दुसऱ्या दिवशी दहाला मी सरांना फालकांच्या घरी रुजू करून घ्यायला गेलो. सरांच्या हातात डब्याची पिशवी होती. वहिनींनी डबा भरून दिला होता, वर संध्याकाळी वेळेवर या असंही सांगितलं होतं. चपलांच्या स्टँडशेजारी खुर्ची तयार होती. सर त्यात बसले आणि मला वाटलं, आता माणसाचा अगदी पाणउतारा झाला. पण त्यांनी शर्टाची बाही सरळ केली आणि घर बघायला सुरुवात केली.

फालक उत्साहात होते. त्यांनी सगळं ठरवलं होतं. हे घर विकायचं, नाशिकला मुलाजवळ फ्लॅट घ्यायचा, दिवाळीच्या आत जायचं. नकाशे शिकवणारा माणूस, त्याने जायचा रस्तासुद्धा कागदावर काढून ठेवला होता. फालकवहिनी जमिनीवर बसून लोणच्याच्या बरण्या जुन्या साड्यांत गुंडाळत होत्या. गुंडाळायच्या आणि खोक्यात ठेवायच्या. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

वायकोळे सर खुर्चीत पुढे वाकले. ते त्या बरण्यांकडे बघत होते. मला वाटलं, पहिलाच दिवस, सुचत नसेल. मग ते उठून उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. एकच.

“फालक सर, एक मुद्दा आहे,” ते म्हणाले. “वहिनींना विचारलं का?”

फालक हसले. तिला काय विचारायचं, म्हणाले.

फालकवहिनींनी हातातली बरणी खाली ठेवली. पदराला हात पुसले, भिंतीजवळची खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर येऊन बसल्या. मी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे वेळ टाकली. सव्वाअकरा झाले होते.