सिरेबो मामांचा फ्लेक्स

याव डेब्राच्या नव्या कादंबरीत एक श्रीमंत, चिक्कू म्हातारा मरायचा होता आणि तो काही केल्या मरेना. यावने त्याला दोनदा ताप आणला, एकदा जिन्यावरून पाडला, एकदा तर भर बाजारात लॉरीसमोर उभा केला. पण म्हातारा दर वेळी उठून बसे आणि जेवायला मागे. याला कारण यावची लिहिण्याची पद्धत. कच्च्या खर्ड्यात तो माणसांची खरी नावं घालायचा. खोट्या नावाचा माणूस कागदावर हलत नाही, असं त्याचं म्हणणं; नावं काय, पुस्तक पुरं झाल्यावर बदलता येतात. आणि या म्हाताऱ्याचं खर्ड्यातलं नाव होतं सिरेबो. सिरेबो म्हणजे यावचे सख्खे मामा. त्यांच्याच घरातली रस्त्याकडची खोली यावला लिहिण्यासाठी फुकट मिळाली होती.

आमच्याकडे मामाचं सगळं भाच्याकडे जातं, मुलांकडे नाही. त्यामुळे आमच्या बेकवाई गावातला कुठलाही भाचा मामाच्या तब्येतीची चौकशी जपूनच करतो. लागोपाठ दोनदा केली, की लोक एकमेकांकडे बघतात.

त्या खोलीवर आता सेरवा मामीच्या भावाची, आप्राकूची नजर होती. त्याला तिथे गोठवलेल्या माशांचं दुकान टाकायचं होतं. "सात वर्षं बसलाय आत," मामी म्हणाली. "एवढ्यात मासे असते तर विकून तरी झाले असते." मामांनी मधला मार्ग काढला. "याव, रविवारी मला पुरं झालेलं पुस्तक दाखव. नाही तर मासे."

आता कुणी म्हणेल, मग लिहायचं. पण यावचा दिवस इतका सोपा नव्हता. सकाळी हात गरम करायला तो आधी दुसऱ्यांचं वाचायचा, त्यातही कुमासी शहरातल्या ड्वोमो या कादंबरीकाराचं. ड्वोमोचं प्रकरण चांगलं निघालं तर यावचं दिवसभर डोकं दुखे. वाईट निघालं तर समासात चुका लिहिण्यात संध्याकाळ होई. चार पुस्तकांत ड्वोमोने तीन मामा मारले होते आणि त्याचे खरे मामा ती पुस्तकं गावभर वाटत फिरत होते. याला म्हणतात नशीब.

बुधवारी ड्वोमोच्या नव्या कादंबरीत चाळीस पानांची अंत्ययात्रा वाचता वाचता यावच्या डोक्यात प्रकाश पडला. मरण दाखवायचंच कशाला? प्रकरण थेट नाक्यावरच्या फ्लेक्सपासून सुरू करायचं! बेकवाईत माणूस मेला हे डॉक्टरने सांगून खरं होत नाही, फ्लेक्स लागला की होतं. त्याने पहिल्या पानावर चौकट आखली आणि आत सुबक अक्षरात लिहिलं:

'केवढा हा आघात! कै. सिरेबो. ज्यांच्या दारातून कधी कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही. मुख्य सुतकी: भाचा याव डेब्रा.'

वर कंसात आठवणीसाठी टीप: 'फोटो मोठा, हसरा.' मग उरलेली तीस पानं एका दमात झाली. गुरुवारी तो गठ्ठा त्याने टाइप करायला ओवुराकूच्या छापखान्यात टाकला आणि घरी येऊन, उरलेलं शेवटचं प्रकरण लिहिण्याआधी, जरा ड्वोमो वाचत पडला.

शुक्रवारी सकाळी तो पाव आणायला नाक्यावर गेला, तर लॉरी-थांब्याच्या वर सिरेबो मामा हसत होते. मोठे. हसरे. क्षणभर यावला वाटलं, प्रतिभा प्रतिभा म्हणतात ती हीच. खाली ही गर्दी जमलेली. त्याच्या तीन कादंबऱ्यांना मिळून जेवढे वाचक लाभले नव्हते, तेवढे त्या चार ओळींना एका सकाळी लाभले होते.

मिरच्या विकणाऱ्या आत्याने त्याचा हात धरला. "याव, बाळा, वाचून रडू आलं रे. ते रिकाम्या हाताचं साफ खोटं आहे, पण रडू आलं."

खरं तर यावला विचारायचं होतं, नक्की कुठल्या शब्दाला आलं. पण तेवढ्यात 'मुख्य सुतकी' या शब्दांखाली आपलं नाव त्याला दिसलं आणि तो पाव तिथेच टाकून पळाला.

ओवुराकू दुकानात शाई पुसत बसला होता. यावला बघताच उठून त्याने छातीवर हात ठेवला. "लेखकसाहेब, धीर धरा."

"अरे, कसला धीर! माणूस जिवंत आहे!"

ओवुराकू विचारात पडला. "मग तुम्ही जरा घाई केलीत."

"मी? ती कादंबरी होती, कादंबरी!"

"मला काय माहीत? गुरुवार. दुकानात सगळी शनिवारच्या मयतांचीच कामं. तुमचंही वर चौकटीत, नाव खरं, फोटो कसा तेही लिहिलेलं. गेल्या वर्षीच्या चर्चच्या सत्काराचा त्यांचा फोटो माझ्याकडे होताच. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, घरचं दुःख आहे, कशाला विचारून त्रास द्यायचा."

"आणि ती तीस पानं?"

"श्रद्धांजलीचं भाषण वाटलं. लांब होतं, पण भाच्यांची लांबच असतात."

"आधी तो फ्लेक्स उतरव!"

"उतरवतो. पण शिडी चर्चच्या नाक्यावर गेलीय. तिथला लागतोय आत्ता."

याव घराकडे धावला. मामा व्हरांड्यात लापशी पीत बसले होते, म्हणजे बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. याव तोंड उघडणार, इतक्यात फाटकातून सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांतली माणसं आत आली. पुढे कुळाचे प्रमुख बाफो आजोबा. व्हरांड्यात मयताला बसलेलं पाहून आजोबा थबकले. मागून ढकलाढकली झाली. पण रीत ती रीत. मामांनी खुर्च्या मागवल्या, पाणी दिलं, सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत थांबले आणि मगच विचारलं, "आमच्याकडे सगळं क्षेम आहे. आपलं येणं कसं झालं?"

हा प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं. पाणी प्यायलेल्याला सुटका नाही. आजोबांनी घसा साफ केला. "आमच्याकडेही क्षेम आहे. वाईट काही नाही. आपण वारल्याचं समजलं, म्हणून भेटायला आलो."

"बरं केलंत," मामा सवयीने म्हणाले. मग त्यांचा चमचा खाली आला. "कोण वारल्याचं?"

"आपण. नाक्यावर लागलंय." आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. आता त्यांना खरा कंठ फुटला. "ते असो, मरण कुणाला चुकलंय? पण सिरेबो, मुख्य सुतक्यांत कुळप्रमुखाचं नाव नको? एकट्या भाच्याचं? मी काय मेलोय?"

मामांनी मान वळवून यावकडे पाहिलं. यावला त्या नजरेत त्याच्या खोलीतलं टेबल दिसलं, टेबलावरची पुस्तकं दिसली आणि त्यांच्या जागी रचलेले बांगडे दिसले.

"मामा, ते कादंबरीतलं—"

"थांब. तो कोण?"

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. रस्त्याकडच्या खोलीच्या दारात आप्राकू उभा होता. अंगात सुतकाचा काळा शर्ट, हातात मोजपट्टी. पाठमोरा असल्याने व्हरांड्यात कोण बसलंय ते त्याला दिसत नव्हतं.

"ताई," तो आतल्या मामीला ओरडून सांगत होता, "मोठा फ्रीझर बसतोय! दार तेवढं काढावं लागेल. म्हातारा होता तोवर एक खिळा ठोकू दिला नसता!"

"दार राहू दे," मामा म्हणाले.

आप्राकू वळला. मोजपट्टी सर्रकन आपोआप आत गेली. मागोमाग तोही गेला, फाटकातून बाहेर.

दुपारी ओवुराकू टाइप केलेली तीस पानं घेऊन माफी मागायला आला. मामांनी ती ठेवून घेतली आणि दार लावलं. यावचं एकही पुस्तक त्यांनी आजवर उघडलं नव्हतं. याव बाहेर आपली पुस्तकं खोक्यांत भरत बसला. संध्याकाळी हाक आली.

"बस. दोनच मांडव?"

"काय?"

"माझ्या मयताला दोनच मांडव घातलेस. आणि बँड कुठला तर शाळेचा. लाज नाही वाटली?" मामांनी चष्मा काढला. "चिक्कू लिहिलंयस ते गोष्टीसाठी लिहिलं असशील, ते सोडून दे. पण ते चौकटीतलं चांगलं आहे. रिकाम्या हाताचं. तुझ्या हातून पहिल्यांदाच खरं काही उतरलं. ओवुराकूला सांगितलंय, वरचा आघात, ते 'कै.' आणि खालचं सुतक तेवढं कापून टाक, मधली ओळ राहू दे."

"मग खोली, मामा?"

"तुझी."

यावने मामांचे गुडघे धरले. "उपकार झाले, मामा! एकच प्रकरण राहिलंय. रविवारी पुस्तक पुरं करून तुमच्या हातात देतो!"

"हात काढ आधी," मामा म्हणाले. "तू चार ओळी लिहिल्यास, तर सकाळी कुळ दारात आलं. शेवटचं प्रकरण लिहिलंस तर कोण येईल सांगता येतं का? तुझ्या हाताला गुण आहे बाबा. पुस्तक पुरं होईपर्यंत खोली तुझी. ज्या दिवशी पुरं झालं, त्या दिवशी मासे."

याव खोलीत परतला. खोकी सोडली, पुस्तकं पुन्हा टेबलावर लावली, कोरा कागद पुढे घेतला. आणि काय सांगावं, सात वर्षं जे शेवटचं प्रकरण त्याला तोंड दाखवत नव्हतं, ते वाक्यामागून वाक्य, स्वल्पविरामांसकट, त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं. त्याने पेन उचललं.

"याव!" व्हरांड्यातून आवाज आला. "काय चाललंय?"

यावने पेन खाली ठेवलं.

"काही नाही, मामा. ड्वोमो वाचतोय."

"वाच, वाच. सावकाश वाच."