कुल्याश आपांचा बेचाळिसावा खडा

चाळीस वर्षं कुल्याश आपा एकेचाळीस खडे मांडून आपल्या कझाख गावाचं भविष्य सांगत होत्या. त्या दिवशी खडे बेचाळीस भरले आणि दाऊरेनच्या नोकरीवर गदा आली.

झालं होतं असं. लघुग्रहावरून एकुलता एक खडा घेऊन आलेली कुपी ठरल्या जागी न उतरता आपांच्या मेंढ्यांत आदळली आणि फुटली. आपांनी खडा उचलला, शालीला पुसला आणि आपल्या थैलीत टाकला. हेलिकॉप्टर येईपर्यंत कुपीची राखण करायला नेमलेला दाऊरेन धापा टाकत पोचला, तेव्हा त्या चहा ओतत होत्या.

"आपा, खडा द्या. तो सरकारी आहे."

"तिकडे सरकारनं पेरला होता?"

"आणेल त्याचा माल, असा कायदा आहे!"

"म्हणजे शिकारच की. मग सौगा! शिकाऱ्याच्या वाटेत पहिला भेटेल त्याचा वाटा. तुझ्या आजोबांनी मला आख्खा कोल्हा दिला होता, बाळा."

सौगा मागितल्यावर नाही म्हणणारा कझाख अजून जन्मायचा होता. पण एका खड्याचा वाटा करायचा कसा? त्याने थैलीच उपडी केली. बेचाळीस काळे खडे, सगळे मेंढीच्या चरबीने तुकतुकीत.

"सगळेच नेतो!"

"ने की. सासूबाईंचे आहेत. वरून बघतायत त्या."

बाहेर हेलिकॉप्टर घरघरलं. दाऊरेनने हात जोडले. "आपा, मेलो मी! तुम्हीच ओळखा."

आपांना त्याची दया आली. डोळे मिटून त्यांनी खडे चाचपले आणि एक काढला. "हा घे. आणि चहा पिऊन जा."

नोकरी वाचली. तीन महिन्यांनी बातमी आली की खड्यावर जीवसृष्टीच्या खुणा सापडल्या: चरबी, लोकर आणि थोडा चहा. लघुग्रहावर हक्क सांगणारे सहा देश एका रात्रीत सभ्य झाले. तिथल्या रहिवाशांना विचारल्याशिवाय कुणी खणायचं नाही, असा ठरावच झाला.

दाऊरेन धावत आला. "आपा, तुम्ही दिलात तो खडा कोणता होता?"

"सासूबाईंचा. पाहुणे नाहीत म्हणायचा आणि दारात दहाजण उभे. खोटारडा मेला!"

"आणि आकाशातून आलेला?"

"तो खरं बोलतो. म्हणतो, सहा देशांचे पाहुणे येताहेत, परवानगी मागायला." आपांनी शाल सावरली. "चहाचं आधण ठेव."