गोड लागलं का?

आमच्या वडगावच्या गल्लीत बाळूअण्णांकडे भाकरी खायची म्हणजे परीक्षेलाच बसायचं. भाजी नाही, चटणी नाही. हातावर ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा ठेवून अण्णा समोर मांडी घालून बसणार. "चाव. गिळायचं न्हाय. गोड लागलं का?"

अण्णा यंत्रमागावर साड्या विणतात. पण माग थांबला की हातवारे करत विज्ञान सुरू. "लाळंत एक कारागीर असतोय रं! त्येच्या अंगात खोबण. पिठाची लांब साखळी त्यात बसली की खोबण जरा आवळून धरती, नेमका जोड हेरती आणि पाण्याच्या मदतीनं तोडती! गोड तुकडं सुटत्यात. आणि कारागीर? हाय तसाच! लगेच म्होरची साखळी!"

"मग तेल का नाही तोडत?" मी विचारलं.

"बसतच न्हाय त्या खोबणीत! आमी जलमभर तुटल्यालं धागं जोडतोय, आणि ह्यो गडी नुस्ता तोडतोय. लई भारी!" आणि टाळीसाठी हात पुढे.

एकदा घाईत मी तिसऱ्या चावण्यालाच "गोड, गोड!" म्हणत उठलो. अण्णांचा चेहरा पडला. "खोटं बोलू नगं रं. तुमाला किती चावल्यावर लागतंय त्ये बघून मी हिला चावाय लावतोय."

ही म्हणजे आक्का, अण्णांची बायको. घशाच्या आजारात रेडिएशन घेतलं आणि तिची लाळ आटली. कारागीरच नाही, तर गोडी कुठली? हळूहळू येईल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून रोज सकाळी अण्णा तिला आधी पाण्याचा घोट देतात, मग तुकडा, आणि विचारतात. ती रोज "न्हाय" म्हणायची. मला माझीच लाज वाटली.

मी आक्काला म्हटलं, "एकदा हो म्हणून टाका की. अण्णांना बरं वाटेल."

"आणि मग ह्यांनी इचारायचं सोडलं तर?"

परवा सकाळी अण्णा भाकरी घेऊन गल्लीभर पळत सुटले. "लागलं! हिला गोड लागलं!" घराघरांत शिरून त्यांनी माग थांबवले, प्रत्येकाच्या तोंडात तुकडा कोंबला. अख्खी गल्ली चावत उभी! मला तर आनंदानं ठसकाच लागला. आक्का दारात हसत होती, पण नजर अण्णांच्या पाठीवर. तिचं बोलणं मला आठवलं: आता अण्णांनी विचारायचं सोडलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या आणि अण्णांच्या घरामधल्या भिंतीला कान लावून बसलो. बराच वेळ नुसती भांडी वाजली. मग आवाज आला, "गोड लागलं का गं?"

"दम धरा की," आक्का म्हणाली. "तोंडातच हाय आजून."