उन्हात उलटी ठेवलेली अळंबी

पेणला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बायका पापड वाळत घालतात आणि यशवंतकाका अळंबी. पापडांजवळ कुणी बसत नाही. काका मात्र छत्री उघडून अळंबीच्या राखणीला बसतात. छत्री स्वतःवर, ऊन अळंबीवर. प्रत्येक अळंबी देठ वर करून उलटी मांडलेली. मी कपडे काढायला वर गेले की हुकूम येतो, "सावली पाडू नको गो बाय! ड जीवनसत्त्व भरतंय."

डोलवीच्या पोलाद कंपनीत शिफ्टा करता करता काका रिटायर झाले. मग काकू गेल्या, आणि त्यांच्या मागच्या खोलीत ओल्या पेंढ्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या लटकू लागल्या. त्यातून धिंगरी अळंबीचे घोस फुटतात. पाहुण्याला काका आधी पिशव्या दाखवतात, पाणी नंतर विचारतात. एका लग्नात तर आहेर म्हणून त्यांनी नवरदेवाच्या हातात अळंबीची ओली पिशवी दिली आणि स्टेजवरच सुरू झाले, "प्रोटीन हाय, पोटॅशियम हाय, चोथा हाय. चरबी नाय, साखर नाय. मग डॉक्टर कशाला?" मागे फोटोसाठी रांग खोळंबली होती.

आम्ही सगळे "हो काका, हो काका" म्हणत जिना उतरायचो. शेवटपर्यंत ऐकणारी एकच, रोह्याची त्यांची धाकटी बहीण वच्छीआत्या. तिला रोज सकाळी फोन. कंपनीतल्या मशिनींमुळे काकांचा आवाज इतका मोठा झालेला, की तो फोन भिंतीपलीकडे मलाही ऐकू यायचा.

गेल्या महिन्यात एका सकाळी फोन झाला नाही. गच्चीही रिकामी. मी दार वाजवलं. काकांनी ते अर्धंच उघडलं.

"वच्छी दवाखान्यात हाय. साखर लय चढली, चक्कर येऊन पडली. भाचा सांगत होता, गोळ्यांची पाकिटं तशीच भरलेली सापडली." मग खाली बघत म्हणाले, "मीच बोललो होतो गो. अळंबी खातेस ना, मग गोळी कशाला?"

ते वाक्य मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं आणि हसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकटं जायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून मी एसटीत शेजारी बसले. पुढच्या सीटवरचा माणूस सारखा खोकत होता. एरवी काकांनी त्याला रोह्यापर्यंत सोडलं नसतं. आज ते खिडकीबाहेर बघत राहिले. नागोठण्याला उठलेच. "मी हितंच उतरतो. कोणत्या तोंडानं जाऊ? तू बघून ये." मी त्यांची पिशवी घट्ट धरली आणि त्यांना बसवलं.

वच्छीआत्यांना सलाईन लावलं होतं. भावाला बघून त्या हसल्या. "आलास, दादूस? आज फोन नाय केलास."

काका खाटेच्या पायथ्याशीच उभे. आत्यांनी त्यांना जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर लय बोलला. मी सांगितलं, गोळ्या विसरले. तुझं नाव नाय घेतलं. पोराला कललं तर तुझा फोन बंद करील. मंग तू कोणाशी बोलशील?"

काकांचे कान लाल झाले. नर्स सलाईन बघायला आली, तसे ते एकदम वळले.

"सिस्टर, ही विसरली नव्हती. मी सांगितलं होतं गोळी बंद कर म्हणून. मी!"

आवाज तोच, कंपनीतला. सगळा वॉर्ड वळून बघू लागला. दारात चहा घेऊन भाचा उभा होता, त्यानंही ऐकलं. आत्या काकांची बाही ओढत होत्या, "हळू बोल ना, लोक ऐकतात."

"ऐकू दे. अळंबी चांगली हाय, खावा. पण गोळी सोडू नका कोणी. हिनं सोडली, माझ्या बोलण्यानं." शरमेनं त्यांची मान वर होत नव्हती, आणि त्यांच्याकडे बघायची माझीही छाती होत नव्हती.

भाच्यानं चहा खाली ठेवला.

"उद्या फोन करशील ना, दादूस?" आत्यांनी विचारलं.

काकांनी भाच्याकडे पाहिलं.

भाच्यानं पायानं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. "कर, मामा. पण आधी गोळी घेतली का, ते इचार."

काका स्टुलावर बसले आणि होकाराची मान डोलवत राहिले.