आयती चाकोरी

बोर्गहिल्डने एल्मरच्या कपाळावर घाईघाईने हात ठेवला, “जरासाच आहे ताप, पडून राहा,” म्हणाली आणि चर्चमधल्या गाण्याच्या तालमीला निघून गेली. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होताच एल्मरने गोधडी भिरकावली. रात्रभर बर्फ पडला होता, कोरडा, हलका. असा बर्फ आमच्या मिनेसोटातही दर हिवाळ्यात पडत नाही.

अडचण एकच होती. मागच्या हिवाळ्यात घसरून एल्मरचा गुडघा दुखावला, बोर्गहिल्डचं डावं मनगट मोडलं, आणि दोघांनी एकमेकांना शब्द दिला: पुन्हा स्कीवर पाय ठेवायचा नाही. स्की शेजारच्या मार्व्हिनच्या कोठारात गेल्या. शब्द मोडल्याचं कळलं असतं, तर बोर्गहिल्ड ओरडली नसती. ती आठवडाभर मुकाट्याने जेवण वाढत राहिली असती. एल्मरला त्याचीच धास्ती होती.

मार्व्हिनने एल्मरच्या स्की काढून दिल्या.

“बोर्गहिल्डला सांगू नकोस हं.”

“काका, मी कुणाचं कुणाला सांगत नाही,” मार्व्हिन म्हणाला आणि उगाचच खोकला.

तेव्हा गावात स्कीसाठी यंत्राने चाकोऱ्या पाडत नसत. बर्फ पडला की जो पहिला निघेल, त्याच्या मागून सगळे. कोठारामागे कुणीतरी आधीच चाकोरी पाडून गेलं होतं. एल्मर हरखला. आता बर्फात त्याची वेगळी खूणच उरणार नव्हती! स्की सळसळू लागल्या आणि गुडघ्याचं दुखणं तो विसरूनच गेला.

“कुणी नवशिका दिसतोय,” तो ओरडून म्हणाला, कारण एव्हाना मार्व्हिन आणि त्याची बायको डेलोरेस मागून येत होती. “डावी काठी टेकवतच नाही, बघा! आणि वाट किती नागमोडी!”

डेलोरेसला ठसका लागला.

कुरणाला वळसा घालून परतायचं एल्मरने ठरवलं होतं. पण डेलोरेसच्या मागे पोस्टमास्तर, त्यांच्या मागे त्यांचं अख्खं कुटुंब. पाडलेली चाकोरी तुडवत उलटं फिरणं म्हणजे आमच्याकडे भरल्या पंगतीतून उठणं. एल्मर मुकाट पुढे सरकत राहिला.

चाकोरी तळं ओलांडून थेट लेम्पी म्हातारीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी संपली. आतून वेलदोडा घातलेल्या पावाचा वास येत होता. दाराशी निळ्या पट्ट्यांच्या स्की टेकवलेल्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ते पट्टे एल्मरनेच रंगवले होते.

आत बोर्गहिल्ड पावाचा घास तोंडाशी धरून बसली होती.

“तालीम?” एल्मरने विचारलं.

“ताप?” बोर्गहिल्डने विचारलं.

लेम्पीने आणखी कप काढले.

“मावशी,” डेलोरेसला राहवेना, “काका म्हणत होते, ही चाकोरी कुणा नवशिक्याने पाडलीय.”

बोर्गहिल्डने शांतपणे कॉफी संपवली. “असं? मग घरापर्यंतची नवी चाकोरी तू पाड, एल्मर. मी बघते मागून.”

आणि तळ्यावरून ऐकू येत राहिलं, “डावीकडे जातोयस! अरे, डावीकडे!”

घरी पोचल्यावर दोघांनी पुन्हा एकमेकांना शब्द दिला. पुढचा बर्फ पडला त्या सकाळी एल्मरला पुन्हा ताप आला. बोर्गहिल्डने त्याच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

“चांगलाच आहे,” ती म्हणाली. “ऊठ, तालमीला चल.”