तीन कोटेशनं आणि एक वेबसाइट

वेबसाइट काढायची हे बायकोनं ठरवलं आणि ती कशी काढायची हे ठरवायचं काम तिनं नवऱ्यावर सोपवलं. इथपर्यंत कोणाचं काही चुकलं नव्हतं, असं बायकोचं म्हणणं. (पुढे बायकोनं हे म्हणणंही मागे घेतलं.)

नवरा नुकताच रिटायर झालेला. सगळी नोकरी एका मोठ्या ऑफिसच्या खरेदी विभागात गेली. तिथं टाचण्यांचा डबा घ्यायचा तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, ती शेजारी शेजारी मांडून बघायची आणि मगच खरेदी करायची, असा नियम. बाकीचे तो नियम पाळत. हे त्याच्यावर जीव टाकत. म्हणून सगळे त्यांना कोटेशनराव म्हणायचे. निरोपाच्या भाषणात साहेबांच्या तोंडूनही तेच नाव गेलं, तेव्हा यांचा ऊर भरून आला. घरीसुद्धा नियम तोच. मागे मिक्सर बिघडला, तर तिसरं कोटेशन येईपर्यंत बायकोला सगळं हातानं वाटावं लागलं होतं.

बायको मागच्या खोलीत पडदे शिवायची. हातात कसब होतं, पण गिऱ्हाईक म्हणजे सगळा शेजारपाजार. अशात रस्त्याच्या टोकाला नवं हॉटेल उभं राहिलं आणि तिथल्या मॅनेजरबाईंनी तिचं काम कोणाच्या तरी घरी पाहिलं. सगळ्या खोल्यांचे पडदे करायचे होते. "मला पसंत आहे हो," त्या म्हणाल्या, "पण मालक असतात परगावी. त्यांना दाखवायला वेबसाइट हवी. सोमवारी सकाळी लिंक पाठवा, नाहीतर ते मोठ्या दुकानाला काम देऊन मोकळे होतील."

"अहो, एवढं करून द्या," बायको म्हणाली. "जन्मभर शेजाऱ्यांच्या खिडक्या झाकल्या. एकदा मोठं काम करून बघायचंय मला."

तिनं असं काही मागितल्याला बरीच वर्षं झाली होती. कोटेशनरावांना स्फुरण चढलं. त्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या, चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरसमोर बैठक मारली.

मेहुणा लगेच सल्ला घेऊन हजर झाला. "भाऊजी, मी दुकानासाठी वापरतो तेच घ्या. चित्र ओढायचं, जागेवर सोडायचं, झालं! तासाभरात वेबसाइट तयार."

"बरं. आणि बाकीची दोन?"

"बाकीची कुठली दोन?"

"कोटेशनं!" कोटेशनरावांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

मग काय विचारता! दोन दिवस नुसती धमाल चालली. पहिली कंपनी वापरायला सोपी, पण हौसमौज करायची तर दर महिन्याला पैसे. दुसरी फुकट, पण आपल्या नावाच्या वर स्वतःची जाहिरात मिरवणार. तिसरीत सगळं आपल्या हातात, फक्त साधा रंग बदलायचा तरी घाम फुटायचा. "अगं, काय एकेक सोयी आहेत!" असं ओरडत ते दर थोड्या वेळानं मागच्या खोलीत जायचे. ती तोंडात टाचण्या धरून मान डोलवायची.

तुलना नुसती वाचून करायची नाही, हे तर ठरलेलंच. माल वापरून बघायला हवा. म्हणून त्यांनी तिन्हीकडे एकेक वेबसाइट उभी केली. कंपन्या तयार नमुने देत होत्या, पण त्यात पडद्यांचा नमुना कुठेच नव्हता. मग पहिलीकडे निळा रंग छान म्हणून दातांच्या दवाखान्याचा उचलला, दुसरीकडे व्यायामशाळेचा. तिन्हींत पडद्यांचे तेच फोटो, तोच पत्ता, तोच फोन नंबर घातला. नमुन्यातला मजकूर मात्र जिंकेल तिथंच बदलायचा, असं ठरलं. उगाच हरणाऱ्या वेबसाइटवर मेहनत कशाला? आणि कोणती किती लवकर उघडते हे कळावं म्हणून तिन्ही जगासमोर खुल्या केल्या.

तिसरी जिंकली. रविवारी दिवसभर बसून त्यांनी ती अशी सजवली, की मेहुण्यानंसुद्धा निमूट मान्य केलं. सोमवारी सकाळी त्यांनी लिंक पाठवली. फक्त ती पहिलीची पाठवली.

थोड्याच वेळात फोन वाजला. कौतुक बायकोलाही ऐकू यावं म्हणून कोटेशनरावांनी स्पीकर लावला.

"ही वेबसाइट तुमचीच ना?" मॅनेजरबाई.

"आमचीच! कशी वाटली?"

"छान आहे. पण वर लिहिलंय, 'दुखणारी दाढ पहिल्याच भेटीत काढून देऊ', आणि खाली पडदे. मालक विचारतायत, पडदे लावताना भूल देणार का?"

बायको गळ्यात टेप घालून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा एवढासा झाला, आणि तो पाहून कोटेशनरावांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनं फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"बाई, वेबसाइट आमच्या ह्यांनी केलीय. पडदे मी करते. आत्ता येते. कापड तुमच्याच खिडकीला धरून दाखवते, मग काय ते ठरवा."

तिची पद्धतच ती. ज्या खिडकीचा पडदा, त्याच खिडकीतल्या उजेडात धरून पाहिल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नसे. खांद्यावर कापडाचं ठाण टाकून ती निघाली, मागून स्टूल घेऊन कोटेशनराव धावले. हॉटेलात तिनं स्टुलावर चढून कापड धरलं. मॅनेजरबाईंनी मोबाइलवर मालकांना दाखवलं. "हा रंग इथं उन्हात विटेल," ती म्हणाली, "पूर्वेच्या खोल्यांना दुसरा घेऊ." "मोठ्या दुकानानं खिडक्या किती तेवढंच विचारलं होतं," मालक म्हणाले. "काम यांनाच द्या. दात मात्र मी दुसरीकडे दाखवीन."

परतताना कोटेशनराव स्टूल नाचवत चालले होते. बायको रस्त्यातच हसत होती, डोळे पुसत होती.

घरासमोर दोन माणसं उभी. एकाचा गाल टम्म सुजलेला, दुसरा बनियनवर दंड फुगवून तयार.

"बघ!" कोटेशनराव आनंदानं ओरडले. "दोन्ही वेबसाइट चालतात! आता यातला आधी कोण आला, ते विचारलं की—"

"अहो," बायकोनं त्यांना थांबवलं, "लग्नाआधी तुम्ही मुली किती पाहिल्या होत्या?"

"तीन." त्यांची छाती फुगली. "मग तुला पसंत केलं."

"मी एकच मुलगा पाहिला," ती कुलूप काढत म्हणाली. "तिथंच घाई झाली."

गाल सुजलेल्या माणसाला तेवढ्या कळांतही हसू आवरलं नाही.